गवा की गवारेडा?

प्रत्येक माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो. कुणाला घराण्याचा, कुणाला रूपाचा, कुणाला आपल्या हातच्या पुरणपोळीचा. माझे घराणे बेताचे आणि रूप त्याहून बेताचे. तेव्हा मी शब्दांचा गर्व बाळगला. अठरा वर्षे मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. एवढ्या काळात माझी अशी पक्की समजूत झाली, की महाराष्ट्रातल्या साऱ्या शब्दांची देखभाल करण्याचे काम सरकारने खाजगीरीत्या माझ्याकडेच सोपवले आहे.

लग्नपत्रिका हातात आली की मी आधी ऱ्हस्व-दीर्घ पाहतो, मग वधूवरांची नावे. भाजीवाल्याच्या पाटीवरचा 'मीरची' हा शब्द मी एकदा खडूने दुरुस्त केला. त्या दिवसापासून तो मला मिरच्या मोजून देतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की माझ्या अंगात रक्त नसून तांबडी शाई वाहते.

याच भरात मी एक व्याख्यान तयार केले होते. विषय 'मराठी साहित्यातील अरण्य'. ग्रंथालये, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ मिळून ते सतरा वेळा झाले. अरण्य म्हणून मी तोवर वेताळ टेकडीच तेवढी पाहिली होती, पण त्याने काही अडत नव्हते. व्याख्यानाच्या शेवटी मी गवारेड्याच्या चालून येण्याचे वर्णन करीत असे. लाल डोळे, खुरांनी उधळलेली माती, नाकपुड्यांतून निघणाऱ्या वाफा! त्यासाठी मी एक वेताची काठीही ठेवली होती. योग्य क्षणी ती टेबलावर आपटली, की पहिल्या रांगेतल्या आजीबाई दचकत. आपण फार मोठे काम केले असे वाटून मी रुमालाने घाम पुसत असे.

ती काठी घेऊन मी प्रत्यक्ष रानात गेलो, त्याची ही हकीकत.

माझ्या वर्गात राधानगरीच्या बाजूचा एक विद्यार्थी होता. मुलगा अबोल, शेवटच्या बाकाच्या अलीकडे बसणारा. पहिल्या वर्षी मी 'माझा गाव' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. त्याने सड्याविषयी, भाताच्या राखणीविषयी आणि रात्री शेतात उतरणाऱ्या गव्यांविषयी लिहिले. मी प्रत्येक 'गवा' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'प्रमाण शब्द गवारेडा. बोलीतील शब्द टाळावेत.' वीसपैकी सात गुण दिले आणि पुढच्या वहीकडे वळलो.

पुढे २०२० साल आले. वर्ग घरच्या पडद्यावर भरू लागले. त्या वर्षी ९ डिसेंबरला सकाळी कोथरूडमध्ये, महात्मा सोसायटीच्या भागात, एक गवा आला. आपण पुणेकरांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. बघ्यांचा लोंढा जमला, आरडाओरडा झाला, पाठलाग झाला. ते जनावर भिंतींतून आणि गल्ल्यांतून वाट शोधत धावत राहिले. अखेर बेशुद्धीचे औषध देऊन त्याला पकडले आणि त्याच दिवशी ते मेले. दुसऱ्या दिवशी माझा तास होता. मी सुरुवातच विनोदाने केली, "काल एक गवारेडा कोथरुडात जागा बघायला आला होता म्हणे. भाव ऐकून बिचारा जागच्या जागी गेला!" पडद्यावरच्या चौकोनांतून मुले हसली. एक चौकोन तेवढा काळा झाला. या मुलाने आपला कॅमेरा बंद केला होता. मला वाटले, वीज गेली असावी.

पदवी झाल्यावर तो मुलगा भेटायला आला आणि म्हणाला, "सर, दिवाळीनंतर आमच्याकडं या. जंगल बघा." नाही म्हणण्याचे कारण नव्हते. २०२२ सालची भाऊबीज उरकली आणि मी काठी, मफलर व दोन संदर्भग्रंथ घेऊन कोल्हापूरची गाडी पकडली.

कोल्हापूरहून राधानगरीकडे जाणारा रस्ता पुढे दाजीपूरवरून फोंडा घाटाने कोकणात उतरतो. वाटेत भोगावती नदीवरचे धरण लागते. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेले हे काम स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. जलाशय काठोकाठ भरला की याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. इथले रान ही एके काळी संस्थानची शिकारीची जागा होती. १९५८ साली दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य मानतात. पुढे १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात याचाही समावेश झाला.

ही सगळी माहिती मी रात्री जेवताना त्या घरातल्या मंडळींना दिली. ती मंडळी पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत होती, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

मुलाचे आजोबा, आबा, समोर बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, अंगावर घोंगडी. माझ्या प्रत्येक वाक्यावर ते एकच शब्द बोलत, "असंल."

नाचणीची भाकरी आणि तांबडा रस्सा असा बेत होता. बोलता बोलता आबा म्हणाले, "भात कापायला आलंय. पर गवं ठिवतील तवा. काल रातीला वरच्या वावरात उतरलं हुतं."

मी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आबा, शब्द गवारेडा असा आहे. गवा हा त्याचा अपभ्रंश."

"रेडा म्हशीचा असतोय, सर. ह्यो गाईतला हाय. गाईवानीच दिसतोय."

"दिसण्यावर जाऊ नका. पुस्तकांत गवारेडा असेच छापलेले आहे."

आबांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितली आणि म्हणाले, "असंल."

आपण वाद जिंकला, अशा समाधानात मी हात धुतले. उठताना मी सहज म्हणालो, की पहाटे सड्यावर फिरून येईन. तेव्हा मात्र आबा एकदम गंभीर झाले. "पहाटं एकलं जाऊ नगासा. भाताला तोंड लावून गवं त्याच टायमाला माघारी फिरत्यात. पोरगा उठू द्या, मग जावा."

मी हसलो. अरण्यावर सतरा व्याख्याने दिलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची ओळख करून देणे होय, असे मला वाटले. मोठ्याने मी एवढेच म्हणालो, "पाहू."

पहाटे साडेपाचला घर झोपलेले असताना मी दाराची कडी काढली. काठी घेतली, मफलर गुंडाळला, मोबाइल खिशात टाकला. फोटो काढून अठराव्या व्याख्यानात दाखवावेत असा बेत होता.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्याचे सपाट पठार. दिवाळीच्या दिवसांत त्यावर गुडघाभर गवत उभे असते आणि कडेला कारवीचे नि करवंदीचे रान. त्या दिवशी धुके इतके दाट होते की माझ्याच काठीचे टोक मला दिसत नव्हते. वारा समोरून, रानाकडून येत होता. गवतातून एक रुळलेली पायवाट जात होती, तिने मी चालू लागलो. ती कुणाच्या पायांनी रुळली असावी, हा विचार मनात आला नाही. वाट म्हणजे माणसाची, एवढे गृहीत धरूनच आपण चालत असतो.

कडेला एक मोठा काळा कातळ दिसला. चढाने दम लागला होता. त्याला जरा टेकावे म्हणून मी चार पावले पुढे गेलो.

कातळाने श्वास सोडला.

वाचकहो, तो आवाज मला सांगता येणार नाही. बंद खोलीत शेजारी कुणी मोठ्याने सुस्कारा टाकावा, तेवढाच तो होता. पण माझे पाय जागच्या जागी राहिले. धुके किंचित हलले आणि कातळाला चार पाय फुटले, गुडघ्यांपर्यंत पांढरे, जणू मोजे घातलेले. त्यावर काळे चकचकीत अंग, पाठीवर उंचवट्याची कड, आणि त्याही वर पिवळट शिंगांची कमान. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास भरतो आणि वजनाला हजार किलोपर्यंत जातो, हे मी वाचलेले होते. व्याख्यानात मी हे आकडे फार खणखणीत आवाजात सांगत असे. आता तेच आकडे माझ्यापासून दहा पावलांवर आडवे उभे होते.

डोळे लाल नव्हते. खुरांनी माती उधळली जात नव्हती. सतरा वेळा सांगितलेल्यापैकी तिथे काहीएक नव्हते. तो नुसता माझ्याकडे पाहत होता. त्याचा एक कान हलत होता.

ओरडावे असे वाटले, पण तोंडात थुंकी नव्हती. मोबाइल खिशात होता, पण हात माझा असल्यासारखा वागेना. गुडघे मात्र एकसारखे कापत होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यांत क्रियापदे बसवली, त्याला स्वतःसाठी एक क्रियापद सापडू नये! आणि अशा वेळी माझ्या हातून ती काठी सुटली. जांभ्यावर आपटून तिने टेबलावर करी तस्साच आवाज केला.

त्याने मान वर फेकली. नाकातून शीळ घातल्यासारखा एक तीव्र फुत्कार निघाला आणि तो दोन पावले माझ्याकडे आला.

माझ्या तोंडातून शेवटी एक शब्द बाहेर पडला. अगदी बारीक आवाजात, लहान मुलासारखा. "गवा!"

पुढचा 'रेडा' कुठे गळून पडला, देव जाणे. मृत्यू दहा पावलांवर असताना माणसाजवळ दोनच अक्षरांपुरता श्वास उरतो.

"सर, पळू नगासा." मागून आवाज आला, अगदी संथ. आबांचा. "त्येच्या डोळ्याकडं बगू नगासा. तुमी त्येच्या वाटंत हुबं हायसा. खाली बसू नगा, डाव्या अंगाला सरा. हळूऽऽ. करवंदीच्या आत जावा."

मी सरलो. चार पावले दोन पायांवर आणि पुढची, खरे सांगायचे तर, चार पायांवर. करवंदीच्या काट्यांनी मफलर ओढून घेतला. एक चप्पल मागे राहिली. चष्मा कुठे गेला ते कळले नाही. पँटचे काय झाले, ते कौटुंबिक अंकात लिहिण्याजोगे नाही. मी जाळीत तोंड खुपसून पडून राहिलो.

एक क्षण सगळे शांत होते. मग मी जिथे उभा होतो त्याच वाटेने तो गेला. पावलांचा आवाज एवढ्या धुडाला शोभेल असा मुळीच नव्हता. गवताची सळसळ, एखादी फांदी मोडल्याचा आवाज, आणि पलीकडच्या रानात तो नाहीसा झाला.

आबांनी मला जाळीतून ओढून काढले. चप्पल शोधून दिली, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून दिला. एका दगडावर बसवून कनवटीची तंबाखू पुढे केली. मी नको म्हणताच स्वतःच मळू लागले. हसले नाहीत. 'सांगितलं होतं ना' असेही म्हणाले नाहीत. रात्री दाराची कडी वाजलेली त्यांनी ऐकली होती आणि घोंगडी तशीच खांद्यावर टाकून ते मागोमाग निघाले होते.

बऱ्याच वेळाने मला आवाज फुटला. "आबा, तो मला मारणार होता."

"न्हाई सर. त्यो भ्याला हुता. पल्याड त्येचं रान, अल्याड आमचं वावर, आन् मदी तुमी. घरला जायची वाटच न्हाई ऱ्हायली त्येला. वारं उलटं, म्हून तुमचा वासबी आधी न्हाई लागला. गवा चटकन अंगावर येत न्हाई, पर वाट बंद झाली की काय करील ह्येचा नेम न्हाई."

मी गप्प बसलो. आणि धुक्यात मला कोथरूड दिसू लागले. तिथेही ते जनावर हेच शोधत होते, घरी जायची वाट. इथे मी एकटा आडवा होतो आणि मला बाजूला सरायला सांगणारा एक म्हातारा होता. तिथे शेकडो आडवे होते, प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, आणि 'सरा' म्हणणाऱ्याचे कुणी ऐकले नाही. आणि मी दुसऱ्या दिवशी त्यावर एक विनोद केला होता.

परत येताना आबांनी वरचे वावर दाखवले. निम्मे भात तुडवलेले, लोंब्या खाल्लेल्या. वर्षाचे अन्न होते ते. ज्याने ते खाल्ले, त्याच्याच वाटेतून त्यांनी मला पाच मिनिटांपूर्वी बाजूला केले होते, त्याला नीट जाऊ दिले होते. मी विचारले, "तुम्हाला राग येत नाही?"

"येतोय की. न्हाई कसा? पर राग भाताचा हाय, सर. त्येच्या जिवाचा न्हाई."

दुपारी नुकसानभरपाईचा अर्ज लिहायचा निघाला. मी पुढे होऊन म्हणालो, "मी लिहितो." आयुष्यातला तो माझा सर्वांत साधा मजकूर. गट क्रमांक, क्षेत्र, पीक, तारीख, आणि नुकसान करणारा प्राणी. तिथे माझे पेन क्षणभर थांबले. मुलाने मोबाइलवर वनखात्याचा कागद दाखवला. त्यात 'रानगवा' असा शब्द छापलेला होता. मी 'गवा' लिहिले आणि आबांनी खाली सही केली.

घरी परतल्यावर मी प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्याला गाठले. ते म्हणाले, "गवा गाईच्याच प्रजातीतला, बॉस या गटातला. म्हैस नि रेडा निराळ्या गटातले. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला बायसन म्हटले, तेही चूकच. खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आणि तुम्ही लोकांनी त्याला रेडा जोडलात." म्हणजे साहेबही चुकला आणि प्राध्यापकही चुकला. बरोबर होते ते घोंगडी पांघरलेले आबा.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. 'गवा' हा अपभ्रंश खरा, पण गवारेड्याचा नव्हे; तो संस्कृतातल्या 'गवय' शब्दापासून आला आहे. आणि न्यायशास्त्रात उपमान समजावून देताना एक जुना दाखला देतात. रानातला माणूस नगरातल्या माणसाला सांगतो, की गवय हा गाईसारखा असतो. मग तो नगरवासी रानात जातो, ते जनावर पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि त्याला ज्ञान होते. उपमा अलंकार शिकवताना हा दाखला मी दर वर्षी देतो. अठरा वर्षे दिला. रानातल्या माणसाने तेच वाक्य मला भाकरी खाताना ऐकवले, तेव्हा मी त्याचे व्याकरण तपासत बसलो होतो. शास्त्रकारांच्या नगरवाशाने निदान ऐकून तरी घेतले होते!

निघताना एस.टी.च्या थांब्यावर मी त्या मुलाला विचारले, "त्या दिवशी तू कॅमेरा बंद केलास, तो मुद्दाम ना?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "होय सर. रडू येत होतं. तुम्हाला दिसायला नको म्हणून."

"आणि तो निबंध? जपून ठेवलास?"

"नाही सर. आईनं चुलीला लावला." मग जरा थांबून म्हणाला, "पण त्यात काय लिहिलं होतं ते ध्यानात आहे माझ्या."

"पुन्हा लिही," मी म्हणालो. "मला वाचायचा आहे."

गाडी आली. सात गुण परत करण्याची सोय कुठल्याच विद्यापीठात नसते, हे मला त्या वेळी प्रथम जाणवले. तीन महिन्यांनी पोस्टाने एक पाकीट आले. आत आठ पाने होती. मी तांबडे पेन टेबलाच्या खणात ठेवले, खण बंद केला आणि मगच वाचायला बसलो.

अठरावे व्याख्यान झाले. काठी सड्यावरच राहिली आहे, त्यामुळे आजीबाई आता दचकत नाहीत. शेवटी मी आबांची गोष्ट सांगतो. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात. पण लोक लगेच उठत नाहीत, थोडा वेळ बसून राहतात.

त्या वेळी मी घरी आलो तेव्हा हातापायांवर ओरखडे होते आणि मफलर नव्हता. सौभाग्यवतींनी दारातच विचारले, "हे काय? काय दिसलं एवढं?"

"गवा," मी म्हणालो.

त्या पुढच्या खुलाशाची वाट पाहत उभ्या राहिल्या. व्युत्पत्ती नाही, प्रमाण रूप नाही, काहीच नाही. मी मुकाट्याने चप्पल काढून आत गेलो. तेव्हा त्या मागोमाग आल्या आणि ताप तर नाही ना, म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.